पुन्हा बाजारात आलेली टायटॅनियम सायकल: बडोद्यात बसून फ्रेमची पारख कशी करावी

हाताने बनवलेल्या टायटॅनियम सायकलींचे काही ब्रँड असे आहेत, की त्यांचे मूळ कारखाने बंद पडले किंवा विकले गेले, तरी त्यांच्या फ्रेम पुढे पंचवीस-तीस वर्षे रस्त्यावर धावत राहिल्या. या टिकाऊपणामुळेच त्या नावांना बाजारात किंमत उरते आणि कधी तरी एखादा नवा मालक ते नाव विकत घेऊन पुन्हा उत्पादन सुरू करतो. अशा नुसत्या फ्रेमची किंमत बहुधा तीन ते सहा हजार डॉलरच्या घरात असते. त्यावर वाहतूक, सीमाशुल्क, चाके, गिअर आणि ब्रेक धरले, की पूर्ण सायकल पाच-सात लाखांच्या पुढे सहज जाते. एवढी रक्कम वस्तू हातात न घेता परदेशी पाठवण्यापूर्वी काय विचारावे, काय पाहावे आणि खोका घरी आल्यावर काय तपासावे, याची पद्धत येथे मांडली आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करणे बरे. ब्रँडचे नाव ही मालमत्ता आहे आणि ती खरेदीखताने हस्तांतरित होते. वेल्डरचे कसब तसे होत नाही. म्हणून पुनरुज्जीवित कंपनीकडे नवखा कारखाना म्हणूनच पाहावे आणि जुन्या कामाचे गुण नव्या कामाच्या खात्यावर आपण होऊन जमा करू नयेत. ही तपासणी बडोदेकरांना इतर शहरांतल्या सायकलस्वारांपेक्षा सोपी जाते, कारण मकरपुरा जीआयडीसी ही औद्योगिक वसाहत आणि आसपासच्या पट्ट्यात रासायनिक कारखान्यांसाठी उपकरणे बनवणारे फॅब्रिकेटर आहेत आणि टायटॅनियमचे वेल्डिंग ही येथे दंतकथा नसून रोजचे काम आहे. सयाजीराव महाराजांच्या काळात १८९० मध्ये सुरू झालेल्या कलाभवनाच्या आवारात आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाची अभियांत्रिकी विद्याशाखा आहे आणि तेथे धातुशास्त्राचा विभागही आहे. तेव्हा ज्ञान शहरातच आहे. ते सायकलीकडे वळवायचे एवढेच.

नेमके काय विकत घेतले गेले, हे आधी शोधावे

मर्लिन मेटलवर्क्सचे उदाहरण यासाठी उपयोगी आहे. ग्विन जोन्स, गॅरी हेल्फ्रिच आणि माइक ऑग्सपर्गर यांनी १९८६ मध्ये अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात ही कंपनी सुरू केली आणि टायटॅनियमची फ्रेम ही प्रयोगशाळेतली नवलाई न राहता विकत घेण्याजोगी वस्तू झाली, त्यात तिचा मोठा वाटा होता. पुढे कंपनी विकली गेली आणि २००० च्या सुमारास लाइटस्पीड या दुसऱ्या टायटॅनियम सायकल ब्रँडच्या मालक कंपनीकडे जाऊन तिचे उत्पादन टेनेसी राज्यात हलले. त्यानंतर नाव पुन्हा विकले गेले, काही काळ बाजारातून जवळजवळ दिसेनासे झाले आणि मग परत आले. या काळात तेथे काम केलेली माणसे मात्र वेगळ्या वाटांनी गेली होती. मर्लिनमध्ये घडलेल्या रॉब व्हँडरमार्क यांनी १९९७ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्येच सेव्हन सायकल्स सुरू केली. लाइटस्पीडचीही तीच कथा. ती स्थापन करणाऱ्या लिन्स्की कुटुंबाने १९९९ मध्ये कंपनी विकली आणि २००६ मध्ये स्वतःच्या आडनावाने त्याच परिसरात नवा कारखाना काढला. म्हणजे जुन्या लाइटस्पीडचे हात हवे असणाऱ्या माणसाला लाइटस्पीडचे नाव नसलेली सायकल घ्यावी लागली असती.

हे लक्षात घेऊन कंपनीला पहिल्याच पत्रात सरळ विचारावे, की तुम्ही फक्त नाव आणि चिन्ह घेतले, की जिग (वेल्ड करताना नळ्या जागेवर पकडून ठेवणारे साचे), आराखडे आणि जुन्या फ्रेमच्या नोंदीही घेतल्या; वेल्डिंग तुमच्या स्वतःच्या शेडमध्ये होते, की दुसऱ्या कारखान्याकडून करून घेता; आणि वेल्ड करणाऱ्या व्यक्तीला टायटॅनियमचा किती वर्षांचा अनुभव आहे. काम बाहेरून करून घेतले जात असेल, तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. चीनच्या शान्शी प्रांतातील बाओजी हे शहर टायटॅनियमच्या उद्योगावरच उभे आहे आणि तेथे उत्तम नळ्या आणि उत्तम जोडकाम होऊ शकते. आक्षेप असतो तो माहिती लपवण्याला आणि एका ठिकाणच्या कामाला दुसऱ्या ठिकाणची किंमत लावण्याला. ‘आमच्या कुशल कारागिरांकडून’ अशा मोघम वाक्यावर बोळवण झाली, तर उत्तर मिळाले नाही असे समजून तोच प्रश्न पुन्हा पाठवावा. दुसऱ्या पत्रालाही तेच उत्तर आले, तर तो व्यवहार तेथेच थांबवावा, असे माझे मत आहे.

नळी कोणत्या ग्रेडची आहे

बडोद्यातील कारखान्यांत दिसणारे टायटॅनियम बहुतांशी ग्रेड २ असते. हे शुद्ध टायटॅनियम गंजाला दाद देत नाही, म्हणून हीट एक्स्चेंजरला ते योग्य; सायकलीच्या फ्रेमला मात्र ते मऊ पडते. १९७४ च्या सुमारास आलेली टेलेडाइन टायटन ही सायकल शुद्ध टायटॅनियमचीच होती आणि ती लवचिक असल्याची, पुढे तडकत असल्याची तक्रार तिच्या नावाला कायमची चिकटली. चांगल्या फ्रेमसाठी आज ग्रेड ९ ची जोडरहित नळी वापरतात. तिच्यात सुमारे ३ टक्के ॲल्युमिनियम आणि २.५ टक्के व्हॅनेडियम असते आणि विमानांच्या हायड्रॉलिक नळ्यांसाठी ती प्रथम नावारूपाला आली. याच मिश्रधातूची नळी थंड अवस्थेत ओढून मग तिच्यातील ताण कमी करण्यापुरती तापवली, तर तिची ताणशक्ती किमान ८६० मेगापास्कल मिळते. पूर्ण अनील केली, म्हणजे तापवून मऊ होऊ दिली, तर हीच किमान मर्यादा ६२० च्या आसपास उतरते. म्हणून ‘ग्रेड ९’ एवढेच उत्तर अपुरे असते. नळी कोणत्या अवस्थेतली आहे तेही विचारावे आणि शक्य असल्यास मटेरियल टेस्ट सर्टिफिकेटची (टीसी) प्रत मागावी. आपल्याकडे कोणताही खरेदी विभाग टीसी आणि हीट नंबर (धातूच्या ओतीचा क्रमांक) पाहिल्याशिवाय माल आत घेत नाही. सायकलीच्या बाबतीतच आपण एवढे भोळे का व्हावे?

ग्रेड ५, म्हणजे ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियमचे मिश्रण, याहून मजबूत असते, पण त्याची जोडरहित पातळ नळी ओढणे अवघड आणि महाग असते. त्यामुळे ते मुख्यतः मागच्या ड्रॉपआउटसारख्या (चाकाचा आस जिथे बसतो तो भाग) यंत्रावर कापलेल्या भागांत दिसते. संपूर्ण फ्रेम ग्रेड ५ ची असल्याचा दावा असेल, तर नळी जोडरहित आहे की पत्रा वळवून वेल्ड केलेली, हे विचारणे आपल्या हक्काचे आहे.

नळीच्या व्यासाकडेही पाहावे. टायटॅनियमची घनता पोलादाच्या साधारण ५७ टक्के असते, पण त्याचा कडकपणाही पोलादाच्या जवळजवळ निम्माच असतो. म्हणून पोलादी सायकलीच्या सडसडीत नळ्यांचा तोच व्यास टायटॅनियममध्ये ठेवला, तर फ्रेम वजनदार स्वाराखाली वळवळते. आपले वजन ८५ किलोच्या वर असेल, तर ते आधी कळवावे आणि खालची नळी व चेनस्टे (पेडलपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या दोन नळ्या) त्यानुसार जाड घेता येतील का, हे विचारावे. हाताने फ्रेम बनवणाऱ्याला हा बदल करता येत नसेल, तर हाताने बनवण्याचे जादा पैसे कशासाठी द्यायचे, हा प्रश्न उरतोच.

वेल्ड पाहण्याची रीत

फ्रेमचे आयुष्य येथे ठरते, त्यामुळे सर्वांत जास्त वेळ येथेच द्यावा. टायटॅनियम सुमारे ४३० अंश सेल्सिअसच्या वर तापले, की ते हवेतील ऑक्सिजन आणि नायट्रोजन शोषू लागते आणि शोषलेल्या जागी ठिसूळ होते. म्हणून वेल्ड करताना केवळ वेल्डिंगच्या टॉर्चच्या तोंडाशी आर्गॉन हा निष्क्रिय वायू सोडून भागत नाही. सांधा पुरेसा थंड होईपर्यंत बाहेरून आर्गॉनचे आवरण ठेवावे लागते आणि नळीच्या आतूनही आर्गॉन वाहता ठेवावा लागतो. आतल्या या प्रवाहाला कारखान्यात बॅक पर्जिंग म्हणतात. जोडण्यापूर्वी नळीची टोके ॲसिटोनने पुसलेली हवीत, हातमोजे स्वच्छ हवेत आणि ब्रश टायटॅनियमसाठीच राखून ठेवलेला हवा.

आवरण नीट होते की नाही, याची खूण रंगात उमटते. चंदेरी चकाकता वेल्ड उत्तम. फिकट गवती पिवळा चालण्याजोगा. त्यापुढे तपकिरी, जांभळा आणि निळा असा क्रम लागतो आणि प्रत्येक पायरीला शंका वाढत जाते. राखाडी किंवा पांढरी भुकटी दिसली, तर तो सांधा नापास. काही फ्रेमवर विजेच्या साहाय्याने मुद्दाम निळे-जांभळे रंग चढवलेले असतात. ते नळीवर आखीवरेखीव पट्ट्यांत किंवा चिन्हांत असतात, सांध्याच्या कडेने पसरलेले नसतात. दोहोंची गल्लत करू नये.

अडचण अशी, की बाहेरचा रंग ब्रशने किंवा काचेच्या मण्यांचा मारा करून सहज काढता येतो आणि विक्रीच्या छायाचित्रांत फ्रेम नेहमी अशी साफ केलेलीच असते. मकरपुऱ्यात अनेक वर्षे आर्गॉनचे काम केलेल्या एका मराठी वेल्डरकाकांना एका फ्रेमची अशी छायाचित्रे दाखवली, तेव्हा त्यांनी सांध्याकडे पाहिलेसुद्धा नाही. मोबाइल परत देत ते म्हणाले, “साहेब, बाहेरून सगळेच गोरे दिसतात. आतला फोटो मागवा.” त्यांचा रोख पेडलचा अक्ष जिथे बसतो त्या बॉटम ब्रॅकेटच्या नळकांड्याकडे होता. सीट ट्यूब (आसनाखालची उभी नळी), खालची नळी आणि दोन्ही चेनस्टे तेथे येऊन मिळतात, त्यामुळे फ्रेममधली सर्वांत जास्त उष्णता तेथेच ओतली जाते. पुढे आटे कापले, तरी ते दोन्ही टोकांना असतात. मधल्या भागात पोहोचून रंग पुसण्याच्या फंदात सहसा कोणी पडत नाही. त्या नळकांड्यात टॉर्च मारून काढलेले एक स्पष्ट छायाचित्र मागावे. आतली भिंत चंदेरी किंवा फिकट पिवळी असेल आणि नळ्यांच्या तोंडाशी आर्गॉन आत जाण्यासाठी पाडलेली भोके दिसत असतील, तर काम समजून केलेले आहे. आत गडद निळा, राखाडी किंवा पांढरट थर असेल, तर बाहेरची चकाकी कितीही मोहक असो, ती फ्रेम घेऊ नये.

सोबतच, साफसफाईपूर्वीच्या अवस्थेतील एका सांध्याचे बाहेरून घेतलेले छायाचित्रही मागावे. आपल्याच फ्रेमचे असेल तर उत्तम, नाही तर त्याच आठवड्यात वेल्ड झालेल्या दुसऱ्या फ्रेमचेही चालेल. वेल्डच्या लहरी एकसारख्या आहेत का, नळीच्या कडेला खाच पडलेली नाही ना आणि वळणावर, विशेषतः दोन चेनस्टेंच्या मधल्या अडचणीच्या जागी, लहरींची चाल अचानक बदलत नाही ना, एवढे पाहावे. लहरींच्या सौंदर्याला मात्र फार भुलू नये. दिसायला देखणा पण आतून पर्ज न केलेला सांधा तडकतो आणि थोडा ओबडधोबड पण स्वच्छ सांधा वर्षानुवर्षे टिकतो.

माप आणि सुटे भाग

मापांबाबत सायकलविक्रीच्या छोट्या-मध्यम-मोठ्या अक्षरांवर विसंबू नये. स्टॅक आणि रीच (बॉटम ब्रॅकेटपासून हेडट्यूबच्या, म्हणजे हँडलखालच्या पुढच्या नळीच्या, वरच्या टोकापर्यंतची उंची आणि आडवे अंतर) हे दोन आकडे मिलिमीटरमध्ये मागून ते सध्याच्या, अंगवळणी पडलेल्या सायकलीशी ताडून पाहावेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, बडोद्यात बसून मिळतील असेच भाग लागणारी फ्रेम निवडावी. बॉटम ब्रॅकेट आट्यांचे असावे. ६८ मिलिमीटरचे जुने इंग्लिश आटे किंवा नवे टी४७, दोन्ही चालतील. जुन्या मर्लिनच्या काही फ्रेममध्ये बेअरिंग थेट दाबून बसवलेले असे आणि पुनरुज्जीवित ब्रँड कधी कधी जुन्या वैशिष्ट्यांचा अभिमान म्हणून अशा गोष्टी परत आणतात. त्या अभिमानाची किंमत पुढे बेअरिंग बदलताना आपल्यालाच मोजावी लागते. सीटपोस्ट (आसनाचा दांडा) २७.२ मिलिमीटरचा आणि हेडट्यूब ४४ मिलिमीटरची असेल, तर पर्याय भरपूर मिळतात. मागच्या डिरेलरचा (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचा) हँगर, म्हणजे ती टांगण्याचा तुकडा, वेगळा काढता येणारा असावा आणि फ्रेमबरोबरच दोन हँगर जादा मागवावेत. हा भाग आठशे रुपयांचा असो वा तीन हजारांचा, तो मोडला की सायकल जागेवर बसते.

टायरसाठी किमान ३२ मिलिमीटरची जागा ठेवावी. पावागडचा रस्ता किंवा डभोईवरून एकतानगरकडे जाणारा रस्ता गुळगुळीत वाटला, तरी पावसाळ्यानंतर त्यांचे रूप बदलते, हे येथील सायकलस्वारांना सांगायला नको.

हमी आणि पैसे

जुनी कंपनी ‘आजीवन हमी’ देत होती म्हणून नवीही ती पाळेल, असे मानू नये. नाव विकत घेताना जुन्या जबाबदाऱ्या बहुधा त्याबरोबर येत नाहीत. नव्या फ्रेमची हमी किती वर्षांची, ती भारतात राहणाऱ्या मालकाला लागू आहे का, तडा गेल्यास फ्रेम पाठवण्याचा आणि परत आणण्याचा खर्च कोणाचा, ही तीन उत्तरे ईमेलवर लेखी घ्यावीत. आगाऊ रक्कम निम्म्याहून अधिक देऊ नये आणि उरलेली रक्कम आतल्या छायाचित्रांनंतर देण्याचे ठरवावे. सीमाशुल्क हे वस्तूची किंमत, वाहतूक आणि विमा यांच्या बेरजेवर आकारले जाते आणि त्यावर पुन्हा वस्तू व सेवा कर लागतो. दर अधूनमधून बदलतात, म्हणून ऑर्डर देण्याच्या आठवड्यातच एखाद्या कस्टम्स एजंटकडून ताजा हिशोब करून घ्यावा. किंमत कमी दाखवून पाठवण्याची तयारी विक्रेत्याने दर्शवली, तर नकार द्यावा. एक तर ते बेकायदा आहे आणि वाटेत फ्रेम हरवली, तर विमाही त्या कमी किमतीचाच मिळतो.

खोका आल्यावर

खोका फोडताना अखंड चित्रीकरण करावे, कारण वाहतुकीतील पोच्याबद्दल दावा करताना तेच कामी येते. मग बॉटम ब्रॅकेटमध्ये टॉर्च मारून आतला रंग छायाचित्राशी जुळतो का ते पाहावे.

फ्रेमचा सरळपणा दोऱ्याने तपासता येतो. न ताणला जाणारा मजबूत दोरा एका ड्रॉपआउटला बांधून पुढे हेडट्यूबला वळसा घालावा, परत दुसऱ्या ड्रॉपआउटला आणून घट्ट ताणावा आणि सीट ट्यूबच्या दोन्ही बाजूंना दोरा व नळी यांमधले अंतर मोजावे. दोन्ही अंतरे सारखी यायला हवीत. फरक आला, तर प्रत्यक्ष वाकडेपणा त्या फरकाच्या निम्मा असतो. फरक २ मिलिमीटरपर्यंत असेल तर काळजी नाही, त्याहून जास्त असेल तर छायाचित्रासह कंपनीला कळवावे. टायटॅनियम वाकवून सरळ करण्याचा प्रयोग स्थानिक दुकानात मुळीच करू देऊ नये, कारण ते पोलादापेक्षा कितीतरी जास्त परत उसळते आणि जोर वाढवता वाढवता सांधाच दुखावतो.

ग्रेडबद्दल शंका राहिलीच, तर धातू ओळखणाऱ्या एक्स-रे गनची, म्हणजे कारखान्यांत ज्याला पीएमआय म्हणतात त्या चाचणीची सोय बडोद्यातील तपासणी प्रयोगशाळांत आहे. व्हॅनेडियम किती आहे यावरून ग्रेड २, ९ आणि ५ वेगळे ओळखता येतात आणि चाचणीने फ्रेमला ओरखडाही पडत नाही. नवी फ्रेम परवडत नाही म्हणून त्याच ब्रँडची जुनी, मूळ काळातली फ्रेम कोणी घेत असेल, तर डाय पेनिट्रंट चाचणीही करून घ्यावी. लाल द्रव लावून, थांबून, पुसून, वर पांढरे डेव्हलपर फवारले, की डोळ्यांना न दिसणारा तडा लाल रेघ होऊन वर येतो. चेनस्टेचा बॉटम ब्रॅकेटजवळचा भाग, सीट ट्यूबच्या वरच्या फटीचे टोक आणि बाटलीच्या पिंजऱ्याची भोके या जागा आधी पाहाव्यात. द्रव क्लोरीन व इतर हॅलोजनविरहित असावा, एवढे प्रयोगशाळेला आठवणीने सांगावे.

जोडणी करताना टायटॅनियमला स्पर्श करणाऱ्या प्रत्येक धातूच्या भागावर, विशेषतः बॉटम ब्रॅकेटच्या आट्यांवर आणि ॲल्युमिनियमच्या सीटपोस्टवर, अँटी-सीझ पेस्ट लावावी. साधे ग्रीस येथील पावसात धुऊन जाते आणि ॲल्युमिनियम टायटॅनियमच्या संगतीत गंजून जागच्या जागी चिकटते. कार्बनचा सीटपोस्ट असेल, तर त्यासाठीची वेगळी पेस्ट मिळते. पहिल्या दोनशे-तीनशे किलोमीटरनंतर सर्व बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासावेत आणि त्यानंतर दरवर्षी, जूनच्या पहिल्या सरीपूर्वी, सीटपोस्ट पूर्ण बाहेर काढून, पुसून, नवी पेस्ट लावून परत बसवावा.